अनोळखी हांक

आपल्याकडे दारावर थाप पडली कीं आंतून पहिला प्रश्न येतो तो ‘कोण आहे?’ हा. उत्तरादाखल नुसतें ‘मी’ म्हटलें तरी भागतें, कारण आवाज ओळखीचा असतो. तो तसा नसेल तर नांव, गांव व पुष्कळदां बापाचें नांव सांगितल्याखेरीज कडी निघत नाहीं. टेलिफोननें ही रीत मोडली असें सामान्यतः समजतात. इतिहास पाहतां तें अर्धेंच खरें आहे. आरंभीं टेलिफोनच्याही दाराशीं एक द्वारपाल होता. तो पुढें काढून टाकण्यांत आला, आणि त्याच्या अभावाची खरी झळ घरापासून समुद्रापार राहणाऱ्यांस लागली.

२८ जानेवारी १८८२ रोजीं मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरीं टेलिफोनचीं केंद्रें सुरू झालीं. जोडणी हातानें होई. कोणाच्या तारेवरून मागणी आली हें केंद्रावरील माणसास पाहतांच कळे. अमेरिकेंतील कॅन्सस शहरीं प्रेतसंस्काराचा धंदा करणाऱ्या स्ट्रोजर नांवाच्या गृहस्थास हा मध्यस्थ नकोसा झाला. आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे वळविलीं जातात असा त्यास संशय होता, अशी कथा सांगतात. १८९१ सालीं त्यानें आपोआप जोडणी करणाऱ्या यंत्राचें पेटंट मिळविलें. मध्यस्थाची लबाडी संपली. पण ‘अमक्याचा फोन आहे’ असें सांगूं शकणारें तोंडही त्याबरोबर बंद झालें. घंटा तेवढी उरली, आणि मित्राची घंटा व ठकाची घंटा यांत कानास कांहींच फरक उमगेना.

सोलापूर जिल्ह्यांतील केमसारख्या गांवीं हा फेरफार फार उशिरां पोंचला. करमाळें तालुक्यांतील हें गांव उत्तरेश्वराच्या देवळामुळें व त्याहूनही कुंकवाच्या धंद्यामुळें महाराष्ट्रांत परिचित आहे. पुण्याहून निघालेली आगगाडी १८५९ सालींच या बाजूनें बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, आली. तिच्या मागोमाग टपाल व तार आलीच. आणि त्या दोहोंतही पाठविणाराचें नांव असावें हा शिष्टाचार होता. ट्रंक कॉलच्या काळींही कोठून फोन आला हें केंद्रावरचा माणूस आधीं सांगे. टेलिफोन असे तो गांवांत एखाद्याच घरीं. शेजाऱ्याचा आंकडा आपल्या पत्त्यांत देऊन त्यापुढें ‘पी. पी.’ हीं अक्षरें लिहिण्याची तेव्हां चाल होती. मग तो शेजारी ओट्यावरून ओरडून सांगे, ‘मुंबईहून थोरल्याचा फोन आहे!’ साऱ्या आळीस बातमी कळे, हा त्यांतला उपद्रव. परंतु अनोळखी माणसाचें कांहीं चालत नसे, हा लाभ.

३१ जुलै १९९५ रोजीं भारतांत मोबाइलवरून पहिलें संभाषण झालें. प्रथम कित्येक वर्षें आलेला फोन घेण्यासही पैसे पडत. २००३ पासून तो भार गेला. या यंत्राच्या कांचेवर हांक मारणाराचा आंकडा दिसूं लागला तेव्हां द्वारपाल परत आला असें लोकांस वाटलें. पण आंकडा म्हणजे नांव नव्हे, आणि देशाची सीमा ओलांडतांना तो आंकडाही शाबूत राहीलच असें नाहीं.

आखातांत कामास गेलेल्या माणसाची गोष्ट घ्या. पैसे वांचविण्यासाठीं तो स्वस्त कार्डांवरून घरीं बोले. त्यांतील कांहीं फोन चोरट्या मार्गानें हिंदुस्थानांत उतरत व येथल्याच एखाद्या आंकड्याचा वेष घेत. आईच्या हातांतील कांचेवर परका, देशी आंकडा. बोलणारा मात्र पोटचा मुलगा. उलट दिशेची अडचण याहून साधी होती. गांवीं असतांना दहा आंकड्यांनीं नोंदविलेलें नांव, फोन परदेशीं +९१ लावून आला कीं जुन्या यंत्रांस जुळेना. सख्खा भाऊ अनोळखी ठरे. (आंकडा आरंभींच +९१ सह नोंदवावा, हा त्यावरचा उपाय.)

२००९ सालीं स्टॉकहोम येथें आलान मामेदी व नामी झर्रिंगालम या दोघां तरुणांनीं ट्रूकॉलर काढला. त्याचा सर्वांत मोठा ग्राहक आज हिंदुस्थान आहे, यांत मला नवल वाटत नाहीं. ज्या समाजास नांवगांव विचारल्याशिवाय कडी काढवत नाहीं, त्यास हा नवा द्वारपाल हवाच होता. मात्र त्यानें सांगितलेलें नांव हें पुष्कळदां लोकांनीं ठेवलेलें नांव असतें. कोणी ‘दूधवाला’, कोणी ‘करमाळा रिक्षा’. ओळख पटते, पण ती ज्याची त्यानें दिलेली नसते.

पुढें ठकांनींही सीमेचाच आधार घेतला. परदेशांतून फोन करून येथला आंकडा दाखवावा, ही युक्ति इतकी माजली कीं ऑक्टोबर २०२४ मध्यें सरकारनें असे फोन अडविणारी यंत्रणा बसविली, तेव्हां पहिल्या २४ तासांतच सुमारें १ कोटी ३५ लक्ष फोन खोट्या भारतीय आंकड्याचे म्हणून अडले. त्याच वर्षीं फेब्रुवारींत दूरसंचार नियामक प्राधिकरणानें शिफारस केली होती कीं, सिमकार्ड घेतांना अर्जावर दिलेलें नांवच ऐकणारास दिसावें. शिफारस उत्तम, पण खेड्यांत वडिलांचें सिम मुलाच्या नांवें, सासूचें सुनेच्या नांवें असणें नित्याचें. मुलगा परदेशीं गेला तरी म्हाताऱ्याच्या फोनवर नांव त्याचेंच झळकावयाचें!

परदेशस्थानें सरसकट अनोळखी फोन टाळावा, या उपदेशास मी म्हणूनच कचरतों. आईस रात्रीं दवाखान्यांत नेलें तर कळविणारा हा बहुधा शेजारी, रिक्षावाला किंवा परिचारिका. त्यांचा आंकडा मुलापाशीं असण्याचें कारणच नाहीं. आणि इकडे केमच्या कुंकवाच्या व्यापाऱ्यास अनोळखी घंटा म्हणजे एखादें नवें गिऱ्हाईक. ती त्यानें टाळून कसें चालेल? अलीकडे कित्येक घरांनीं यावर आपली आपण तोड काढली आहे. आधीं लेखी निरोप धाडावयाचा, मग फोन करावयाचा. आणि निरोपाचा आरंभ असा: ‘मी केमचा, अमक्याचा मुलगा, तुमच्या शेजारचा.’