बिऱ्हाड आणि जोखीम

मंडळी, घर बांधण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. पाया किती खोल घ्यावा, दार कोणत्या दिशेला ठेवावे, इथपर्यंत वाद होतात. घर हलवण्याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. इतिहासाच्या पुस्तकांतही राजे येतात, राजे जातात, राजधान्या बदलतात; परंतु त्यांची भांडीकुंडी कोणी वाहिली, कशावर वाहिली आणि वाटेत एखादा हंडा चेपला तर तो कोणाच्या अंगावर पडला, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. आज मी तेच विचारणार आहे.

असा प्रश्न विचारायला वरणगाव हे गाव चांगले. भुसावळहून नागपूरकडे निघालेला लोहमार्ग इथे स्टेशन देऊन पुढे जातो. सुरतेकडून कलकत्त्याकडे जाणारा हमरस्ता, ज्याला पुष्कळ वर्षे सहा नंबरचा महामार्ग म्हणत आणि आता ज्याचा नंबर त्रेपन्न झाला आहे, तोही याच गावाच्या अंगाने जातो. त्यात १९६४ साली इथे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला. कारखाना म्हटला की वसाहत आली, आणि वसाहत म्हटली की बिऱ्हाडे आली. पूर्वी इथे बिऱ्हाडे यायची, आता इथून पोरे नोकरीसाठी पुण्याला, नाशकाला, सुरतेला जातात आणि वर्षा-दोन वर्षांनी आईबापांनाही घेऊन जातात. शिक्षक मंडळींना तर बदली म्हणजे काय ते मी सांगायला नको. सामान बांधून, चढवून, नव्या गावी नेऊन उतरवून देणारे धंदेवाले आता तालुक्याच्या गावीही भेटतात. लोकांना वाटते, ही शहरी टूम आहे. तसे नाही. या धंद्याला आपल्या भाषेत फार जुना शब्द आहे.

तो शब्द हुंडेकरी. हुंडा म्हटले की आपल्याला लग्नातला हुंडा आठवतो; पण या शब्दाचा दुसरा अर्थ ठोक ठराव, एकरकमी करार असा आहे. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी कोशात हुंडेकरी हा शब्द सापडतो. माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवण्याचा मक्ता घेणारा, तो हुंडेकरी. तुम्ही त्याला एक रक्कम द्यायची आणि वाटेतली जकात त्याने भरायची. हे शेवटचे वाक्य लहान दिसते, पण सगळा धंदा त्यात आहे. पेशवाईत आणि कंपनी सरकारच्या पहिल्या काळात रस्ता एकाचा नसे. इथे सरकारी नाके, तिथे जहागीरदाराचे, पुढे संस्थानिकाचे. प्रत्येक नाक्यावर गाडी अडवायची, गोणी उघडायची, दर सांगायचा आणि मग घासाघीस. परक्या गावच्या माणसाने हे कसे निभावावे? त्याला ना दर ठाऊक, ना नाकेदार ओळखीचा. हुंडेकऱ्याला दोन्ही ठाऊक. तो बैल विकत नव्हता, गाडी विकत नव्हता. निर्धास्तपणा विकत होता. मुंबई इलाख्यात १८३८ च्या कायद्याने अंतर्गत जकाती उठल्या आणि त्याच्या धंद्याचा एक मोठा आधार गेला. आज हा शब्द बहुतेकांच्या कानी पडतो तो आडनाव म्हणून.

हुंडेकऱ्याच्या आधीही माणसे बिऱ्हाड हलवीतच होती. आपला खानदेश तर मोठ्या वाटेवरच बसलेला. सुरत बंदरातून आग्र्याला जायचे तर एक वाट बऱ्हाणपुरावरून, आणि ती वाट आपल्याच नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडे या गावांवरून. सतराव्या शतकात टॅव्हर्नियर नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेने गेला. त्याने लिहून ठेवलेला हिशेब मला फार आवडतो, कारण तो व्यापाऱ्याने ठेवलेला हिशेब आहे, कवीने नव्हे. प्रवासी गाडीचे भाडे दिवसाला सुमारे एक रुपया. सुरत ते आग्रा पस्तीस ते चाळीस दिवस, आणि सबंध वाटेचे चाळीस ते पंचेचाळीस रुपये. बरोबर हत्यारबंद शिपाई घ्यावे लागत. ते जिथे भाड्याने मिळत तिथे त्यांचा एक म्होरक्या असे. त्यांच्या इमानाची हमी तो देई, आणि नुसत्या त्या हमीबद्दल दर माणशी दोन रुपये वेगळे घेई. पाहा, रखवालीचे पैसे निराळे आणि शब्दाचे पैसे निराळे!

धान्य आणि मीठ वाहणारे लमाण बंजारे तर याहून मोठे. त्यांच्या एकेका तांड्यात दहा-दहा, बारा-बारा हजार बैल असत, असे टॅव्हर्नियरच सांगतो. पण त्यांची गंमत निराळी. ते दुसऱ्याचा माल हलवीत आणि आपले घर रोजच हलवीत. बायका-मुले, पाल, भांडी, सारे बैलांच्या पाठीवर. नव्या गावी बिऱ्हाड लावणे ही आपल्याला आपत्ती वाटते. त्यांना तो रोजचा मुक्काम होता.

आता श्रीमंतांकडे वळू. औरंगजेब बादशहाचा डेरा हलताना बर्नियर या फ्रेंच वैद्याने डोळ्यांनी पाहिला. बादशहाजवळ तंबूंचे दोन पूर्ण संच होते. एकात तो मुक्कामाला असे, तेव्हा दुसरा पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राही. त्याला पेशखाना म्हणत. अशा एका संचाला साठांहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत, असे बर्नियरने लिहिले आहे. हेच बादशहा १६८१ साली दक्षिणेच्या मोहिमेवर बऱ्हाणपुरास आले आणि मग पुन्हा उत्तरेस गेलेच नाहीत. बऱ्हाणपूर आपल्या वरणगावाहून फार लांब नाही. ज्याला घर हलवताना दुसरे घर आधीच उभे मिळते, त्याला बिऱ्हाड हलवण्याचे दुःख काय कळणार?

पण त्या शंभर हमालांवर जरा थांबू. बादशाही हमालांना मजुरी मिळत असेल. गावोगावच्या अंमलदारांचे सामान मात्र कित्येक शतके फुकट वाहिले गेले. साहेबाची बदली झाली, मामलेदार फिरतीवर निघाला, की गावातून गाड्या धरायच्या, माणसे धरायची, पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत ओझे पोचवायचे. तिथून पुढच्या गावाची पाळी. याला वेठ म्हणत, बिगार म्हणत. हा भार गावकीच्या कामांत सर्वांत जास्त पडला तो महार समाजावर. ऐन पेरणीच्या दिवसांत बैल धरून नेले तर कुणब्याचेही हाल होत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९२० साली आपल्या संस्थानात वेठबिगार बंद केली, आणि १९५० मध्ये अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने तेविसाव्या कलमान्वये तिला देशभर मनाई केली. म्हणून मी म्हणतो, हमालाने उतरवणीची मजुरी मागितली की कपाळाला आठ्या घालू नयेत. भाडे देऊन सामान हलवणे ही साधी सोय दिसते, पण ती मिळवायला फार काळ लागला.

खानदेशात नव्या शहरी राहायला जाण्याचे एक चांगले उदाहरण धुळ्याचे आहे. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्ज हा इथला पहिला इंग्रज अधिकारी. त्याने धुळे हे ठाणे निवडले आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांना, कारागिरांना तिथे बोलावले. घरांसाठी जागा बिनभाड्याने दिल्या, बांधकामाला आगाऊ रकमा दिल्या. कारागीर सुरतेपर्यंतच्या गावांहून आले. या लोकांनी आपली अवजारे, वजने, चोपड्या, देव कसे आणले असतील त्याची कल्पना करा. तेव्हा रेल्वे नव्हती; गाडी, बैल, तट्टू, आणि फार तर डोके.

रेल्वे आली आणि सारे पालटले. १८६७ साली भुसावळवरून नागपूरपर्यंत गाडी धावू लागली. त्याच सुमारास, १८६५ मध्ये, एक कायदा झाला होता. माल वाहण्याचा धंदा करणाऱ्यांचा कायदा. माझ्या मते बिऱ्हाडाच्या इतिहासात रेल्वेइतकाच हा कायदा महत्त्वाचा. त्यात असे ठरले की भाडे घेऊन माल नेणाऱ्याकडून तो हरवला किंवा बिघडला, तर त्याचा हलगर्जीपणा मालकाने सिद्ध करायला नको. परंतु एक अट होती. सोने-चांदी, जवाहीर, घड्याळे, काचेची व चिनी मातीची भांडी, रेशीम, शाली, दस्तऐवज अशा वस्तू शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या असतील, तर त्या आधी सांगायच्या. न सांगता गाठोड्यात दडवल्या तर त्यांची जबाबदारी वाहणाऱ्यावर नाही.

मौज अशी की रेल्वे स्वतः बराच काळ इतकी जबाबदारी घेत नव्हती. १८९० च्या रेल्वे कायद्यात ती मालाची नुसती राखणदार मानली जाई. कमी दर हवा तर मालकाच्या जोखमीवर पाठवा, असाही प्रकार होता. बारदानात शिवलेला हंडा-कळशांचा बोजा, त्यावर काळ्या शाईने नाव आणि स्टेशन, आणि पावतीवर मालकाची जोखीम! लोक स्वस्त दर घेत आणि देवावर हवाला ठेवीत. १९६१ मध्ये कायदा बदलला आणि १ जानेवारी १९६२ पासून रेल्वेवर पूर्ण वाहतूकदाराची जबाबदारी आली.

मग ट्रक आले. ट्रक दारातून उचलतो आणि दारात उतरवतो. स्टेशनवरची दुहेरी हमाली वाचते. त्यामुळे बिऱ्हाड रुळांवरून डांबरावर आले. १८६५ चा कायदा मात्र तसाच चालत राहिला. २००७ साली रस्त्यावरच्या मालवाहतुकीचा नवा कायदा झाला, तो २०११ पासून अमलात आला, आणि तोच आज लागू आहे. म्हणून, मंडळी, तुमच्या घरचे कोणी नव्या शहरी जाणार असेल तर यातल्या चार गोष्टी कानात ठेवा.

हा धंदा करायला नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. बिल्टी घेतल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. आणि सामानाची किंमत कागदावर लिहा, कारण खरी ग्यानबाची मेख इथे आहे. किंमत लिहून जादा जोखमीचा दर दिला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच. भाडे आठ हजार झाले आणि सामान दोन लाखांचे असले, तरी ऐंशी हजारांच्या वर तो बांधलेला नाही. महापूर, दंगल, सरकारी हुकूम अशा कारणांनी नुकसान झाले तर गोष्ट आणखी निराळी.

हल्ली एक प्रकार ऐकू येतो. आधी फोनवर थोडे भाडे सांगायचे, सामान गाडीत चढले की मग जिन्याचे वेगळे, टोलचे वेगळे, आणि पैसे दिल्याशिवाय उतरवायचे नाही. टोल म्हणजे जुनी जकातच. हुंडेकऱ्याशी बोली करताना आपला खापरपणजोबा हाच प्रश्न आधी विचारी: नाक्यांसकट का नाक्यांवाचून? तोच प्रश्न आज विचारावा आणि उत्तर लिहून घ्यावे. गाडी भरताना घरातल्या एखाद्या शाळकरी मुलाला वही देऊन दारात बसवा. प्रत्येक डागाला नंबर, आत काय ते एका ओळीत, खाली गाडीवाल्याची सही. सातवी-आठवीच्या पोराला हे सहज जमते. दागिने आणि जमिनीचे कागद मात्र त्या यादीत नकोत; ते आपल्याजवळच्या पिशवीत असू द्या.

आणि काही मोडले, हरवले, तर नुसते भांडून येऊ नका. दाव्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते. मुदत एकशे ऐंशी दिवसांची, आणि ती सामान घरात उतरल्यापासून नव्हे, बुकिंग झाले त्या दिवसापासून मोजतात.