येरवड्याचे गालिचे : तुरुंगात विणलेली फुलबाग #इतिहास #धागा

१/९
येरवडा म्हटले की १९३२चा पुणे करार आठवतो, गांधीजींचा चरखा आठवतो. परंतु त्याच्याही आधी, १८७१मध्ये उभारलेल्या या तुरुंगाची ख्याती एका वेगळ्याच कारणाने दूरवर पसरली होती. ते कारण म्हणजे कैद्यांच्या हातचे लोकरी गालिचे.

२/९
मराठीत जाजम, सतरंजी, घोंगडी आणि गालिचा हे चार वेगळे शब्द आहेत. सतरंजी सुती व सपाट. घोंगडी लोकरीची, पण तीही सपाट विणीची. गालिच्यात मात्र ताण्याच्या धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ मारून तिची टोके कापतात. त्या टोकांचीच मऊ लव होते आणि त्यांच्या रंगांतूनच नक्षी उमटते.

३/९
यातील श्रमांचा हिशेब मांडून पाहावा. चौरस इंचाला १०० गाठी धरल्या, तर ६ फूट लांब व ४ फूट रुंद गालिच्यात ३,४५,६०० गाठी होतात. दिवसाला ६,००० गाठी मारणाऱ्या विणकरास जवळजवळ दोन महिने लागतील. असे श्रम दरबार पोसू शकतो, किंवा तुरुंग.

४/९
दरबाराची साक्ष 'आईन-ए-अकबरी'त आहे. अकबराने आग्रा, फत्तेपूर व लाहोर येथे गालिच्यांचे कारखाने वसवले. इराणी परंपरेत गालिचा म्हणजे जमिनीवर अंथरलेली बाग. पाटांनी विभागलेले चौकोनी वाफे, सुरूची झाडे, फुलवेली, क्वचित पुराणकथांतील सीमुर्ग पक्षीही. स्वर्गाची कल्पना लोकरीत उतरली ती अशी.

५/९
दख्खनही मागे नव्हते. विजापूरचा आसार महाल १६४६च्या सुमारास मुहम्मद आदिलशहाने न्यायसभेसाठी बांधला. पुढे तेथे पैगंबरांचे पवित्र अवशेष ठेवले गेले, आणि त्याबरोबर जुने मौल्यवान गालिचेही जतन झाले. आदिलशाही १६८६मध्ये बुडाली, गालिचे मात्र उरले.

६/९
एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. १८५१च्या लंडन प्रदर्शनानंतर युरोपात हिंदी गालिच्यांची मागणी वाढली आणि सरकारने तुरुंगांत माग बसवले. आग्र्याच्या कैद्यांनी राणी व्हिक्टोरियासाठी विणलेला अजस्र गालिचा १८९४मध्ये विंडसरला पोहोचला. येरवड्यात आसार महालातील गालिच्यांच्या प्रतिकृती विणल्या जाऊ लागल्या.

७/९
यावर कडाडून टीका केली ती जॉर्ज बर्डवुड यांनी. जन्म बेळगावचा (१८३२), उमेदीची वर्षे मुंबईत. हिंदी कलाकौशल्यावरील १८८०च्या ग्रंथात त्यांनी तुरुंगांच्या मालावर बोट ठेवले. कैद्याला मजुरी द्यावी लागत नाही. मग पिढीजात विणकराने त्याच्या किमतीशी स्पर्धा करावी कशी? त्यातच युरोपीय नमुने आणि स्वस्त रासायनिक रंग आले.

८/९
आक्षेपात तथ्य होते. पण येरवड्यापुरते त्याला एक विचित्र वळण आहे. जुने दख्खनी नमुने जपून उतरवण्याचे काम येथेच झाले. ज्या व्यवस्थेने बाहेरच्या विणकराचे पोट मारले, तिनेच त्याच्या पूर्वजांची नक्षी राखली. नफा सरकारचा, कीर्ती तुरुंगाची. आणि विणणाऱ्याच्या वाट्याला? शिक्षेचे दिवस.

९/९
आदिलशाही विणकराचे नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याची फुले पुन्हा विणणाऱ्या कैद्याचेही नाही. एक दरबारासाठी राबला, दुसरा दंड म्हणून. तरीही दोघांच्या गाठी एकाच रेषेत बसतात. संग्रहालयात जुना गालिचा दिसला, तर समोरच्या नक्षीवर थांबू नका. शक्य असेल तर त्याची मागची बाजू पाहा. प्रत्येक गाठ तिथे उघडी दिसते, आणि ती मारणारा हातही थोडासा.

(समाप्त)