आत ३०० जीबी मोकळी, बाहेर शून्य: व्हर्च्युअल मशीनची गोष्ट

आजच्या एपिसोडची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

नोकरीचं दुसरं वर्ष. पुण्यातली छोटी कंपनी आणि एकच दणकट सर्व्हर. त्यावर मी व्हर्च्युअलायझेशन इन्स्टॉल करून सहा व्हर्च्युअल मशीन उभी केली होती. एकावर एका दवाखान्याचं अपॉइंटमेंट आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर चालायचं. सोमवारी सकाळी साडेनऊला फोन आला, स्क्रीन गोठलीये आणि बाहेर पेशंट बसलेत. मी कन्सोल उघडला तर सहापैकी चार मशीन 'पॉज्ड'. शुक्रवारीच त्या मशीनमध्ये लॉगिन करून मी डिस्क तपासली होती. ३०० जीबी मोकळी दिसत होती!

सीनियरना फोन लावला. म्हटलं, "सर, आत तर भरपूर जागा आहे."

ते म्हणाले, "आतलं सोड. बाहेर किती उरलीये ते बघ."

बाहेर शून्य.

आता हे 'आत' आणि 'बाहेर' काय प्रकरण आहे? त्यासाठी साठेक वर्षं मागे जाऊया, अमेरिकेतल्या केंब्रिज गावात, एमआयटीच्या शेजारी.

१९६४ साल. कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र, किंमत अफाट. एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी कसं वापरायचं, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. एमआयटीने आपल्या नव्या प्रोजेक्टसाठी आयबीएमला डावलून जनरल इलेक्ट्रिकचं मशीन निवडलं. आयबीएमला हे लागलं. कंपनीने टीएसएस नावाची मोठी अधिकृत सिस्टीम बनवायला घेतली. पण केंब्रिजमधल्या आयबीएमच्याच एका छोट्या लॅबमध्ये रॉबर्ट क्रीझी आणि त्यांची टीम वेगळ्याच वाटेने निघाली.

त्यांची कल्पना साधी होती. दहा जणांना एका मशीनवर बसवायची कटकट कशाला? प्रत्येकाला स्वतंत्र मशीन मिळाल्याचा भासच निर्माण करायचा! ही सीपी-४० सिस्टीम जानेवारी १९६७ मध्ये कामाला लागली. तिच्यावर एकाच वेळी १४ व्हर्च्युअल मशीन चालायची. खऱ्या यंत्राची मेमरी होती २५६ केबी. आणि प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला वाटायचं, २५६ केबी आपली एकट्याचीच आहे. म्हणजे असेल त्यापेक्षा जास्त वाटायचं, हा धंदा पहिल्या दिवसापासून आहे, मंडळी.

अधिकृत टीएसएस अडखळतच राहिलं, आणि या छोट्या लॅबच्या कामातून १९७२ साली आयबीएमचं व्हीएम/३७० हे प्रॉडक्ट आलं.

पण हा भास टिकतो कसा? आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमने काही 'मालकी हक्काचं' काम करायचा प्रयत्न केला, समजा थेट डिस्कला हात घातला, की सीपीयू तिला अडवतो आणि बाहेरच्या प्रोग्रामला हाक मारतो. तो ते काम करून देतो आणि आतलीला वाटतं, मीच केलं. या बाहेरच्या प्रोग्रामला आज आपण हायपरवायझर म्हणतो. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी याचा नियमच मांडला: मशीनच्या ताब्याशी संबंधित प्रत्येक इन्स्ट्रक्शन अशी पकडता आली पाहिजे. एकही निसटता कामा नये.

आणि इथेच पीसीच्या जगाने घोळ घातला. आपल्या पीसीमधले एक्स८६ सीपीयू हा नियम पाळायचेच नाहीत. उदाहरणार्थ 'पॉपएफ' नावाची इन्स्ट्रक्शन. आतल्या सिस्टीमने तिच्याद्वारे इंटरप्ट बंद करायला सांगितलं, तर सीपीयू ते काम करायचा नाही आणि तक्रारही करायचा नाही. गप्प! हाकच नाही, तर हायपरवायझर पकडणार काय? २००० साली पेंटियमवर झालेल्या एका अभ्यासात अशा १७ इन्स्ट्रक्शन निघाल्या. त्यामुळे पीसीवर हे जमणार नाही, असं बरेच लोक धरून चालले होते.

स्टॅनफर्डमध्ये मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांचे विद्यार्थी या विषयावर काम करत होते. १९९८ मध्ये रोझेनब्लम, डायान ग्रीन आणि इतर तिघांनी व्हीएमवेअर कंपनी काढली. त्यांचा उपाय: आतल्या सिस्टीमचा कोड चालायच्या आधीच वाचायचा आणि धोकादायक इन्स्ट्रक्शन जागच्या जागी बदलून टाकायच्या. १९९९ मध्ये डेस्कटॉपसाठी वर्कस्टेशन आलं, २००१ मध्ये सर्व्हरसाठी ईएसएक्स.

२००३ मध्ये दुसऱ्या केंब्रिजमधून, म्हणजे इंग्लंडमधल्या विद्यापीठातून, 'झेन' आलं. त्यांचा विचार उलटा: फसवायचं कशाला? आतल्या सिस्टीममध्ये थोडा बदल करून तिला सांगूनच टाकायचं की बाई, तू खऱ्या मशीनवर नाहीस. ॲमेझॉनची ईसी२ सेवा २००६ मध्ये सुरू झाली ती या झेनवरच.

शेवटी चिपवाल्यांनीच दुरुस्ती केली. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये सीपीयूमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय दिली. इन्स्टॉल करताना बायोसमध्ये जाऊन 'व्हीटी-एक्स' चालू करावं लागतं ना? तो स्विच म्हणजे १९७४ च्या नियमाला तीस वर्षांनी दिलेलं उत्तर आहे. त्यावरच बेतलेलं केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये आलं आणि हे तंत्र माझ्यासारख्या पोरांच्याही हातात फुकट पडलं.

आता परत त्या सोमवारी.

माझी खरी डिस्क होती २ टीबी. सहा मशीनना मी प्रत्येकी ५०० जीबी देऊन ठेवले होते, म्हणजे ३ टीबी. याला थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात: कबूल सगळं करायचं, पण जागा लागेल तशीच द्यायची. सोसायटीच्या टाकीसारखं. सगळ्यांनी एकदम नळ सोडले नाहीत, तोवर कुणाला काही कळत नाही. त्यात चार महिन्यांपूर्वी अपडेटच्या आधी मी एक स्नॅपशॉट घेतला आणि विसरलो. स्नॅपशॉट म्हणजे जुनी अवस्था जपून ठेवणं. त्यानंतरचा प्रत्येक बदल वेगळी जागा खात राहतो. डिस्क भरली आणि पुढचं लिहिणं बिघडू नये म्हणून हायपरवायझरने मशीन थांबवली. खरं तर उपकारच केले.

जुन्या आयएसओ फाइल उडवल्या, टेस्टिंगचं मशीन दुसऱ्या डिस्कवर हलवलं, मग बाकीची एकेक करून चालू केली. चाळीस मिनिटं गेली. डेटा वाचला. तोपर्यंत दवाखान्यातल्या रिसेप्शनच्या ताईंनी सगळ्यांची नावं वहीत लिहून घेतली होती. दुपारी जाऊन ती वही मीच एंटर केली. ताई एवढंच म्हणाल्या, "वही कधी पॉज होत नाही हो."

तेव्हापासून माझे नियम ठरलेत. एक, किती कबूल केलंय आणि खरं किती आहे, हे शेजारीशेजारी लिहून ठेवायचं. दोन, अलर्ट बाहेरच्या डिस्कवर लावायचा, ८० टक्क्यांवर. तीन, स्नॅपशॉट काम झालं की काढायचा. तो बॅकअप नाही. बॅकअप दुसऱ्या मशीनवर असतो.

क्रीझींच्या टीमने भास निर्माण केला तो आतल्या मशीनसाठी. बाहेर बसलेल्या माणसाने त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. मी ठेवला होता.

तुमच्या सर्व्हरवर एखादा विसरलेला स्नॅपशॉट असेल, तर एपिसोड संपल्यावर आधी तो बघा. भेटूया पुढच्या वेळी!