शिंपलीतला हिस्लॉप

चंद्रपूर-गडचिरोलीला समुद्र नाही. सिरोंच्याहून गोदावरीचा काठ धरून निघालेल्या माणसालाही बंगालचा उपसागर गाठायला कित्येक मुक्काम करावे लागतील. पण इथे पूर्वी कधी समुद्र होता का, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात मसुराच्या डाळीएवढ्या एका वस्तूवर येऊन ठेपला होता. खडकाचा पापुद्रा सोलला की आत गोलसर ठसा, त्यावर एकात एक बसवल्यासारख्या बारीक रेषा. पाहणारा पटकन म्हणेल, शिंपली. तसं ते दिसतंच, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

गाव मांगली. वरोऱ्याच्या उत्तरेला, वर्धा खोऱ्यात. त्या काळच्या हिशेबाने नागपूरच्या दक्षिणेला सुमारे ६० मैलांवर. तिथल्या बारीक दाण्याच्या वालुकाश्मातले हे ठसे जगापुढे आले ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांच्यामुळे. नागपूरकरांना हे नाव कॉलेजमुळे माहीत आहे. स्कॉटलंडच्या बर्विकशर परगण्यातल्या डन्स गावी १८१७ साली जन्मलेला हा मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला आणि दुसऱ्या वर्षी त्याने शाळा काढली. आला होता धर्मप्रसारासाठी, पण त्याच्या पिशवीत बायबलइतकीच जागा दगडांना असावी. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्याने नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. नुकतंच, १८५४ मध्ये, नागपूरचं राज्य खालसा होऊन चांद्यासकट, म्हणजे आजच्या चंद्रपूरसकट, कंपनीकडे गेलं होतं. राज्याचे कागद एका हाताने लंडनला जात होते, दगड दुसऱ्या हाताने.

दगडांची वाटणी लंडनमध्ये व्हायची. मांगलीत सापडलेली उभयचराची कवटी रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली. 'डायनासोर' हा शब्द घडवणारे ते हेच. त्यांनी कवटीला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असं नाव दिलं: आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा. वनस्पतींचे ठसे चार्ल्स बनबरी यांच्याकडे आणि किड्यांचे अँड्र्यू मरे यांच्याकडे गेले. उरले ते मसुराएवढे ठसे. ते पडले थॉमस रुपर्ट जोन्स यांच्या टेबलावर.

जोन्स मूळचे वैद्यकीच्या वाटेचे, पण रमले सूक्ष्मदर्शकाखाली. त्यांच्यापुढची अडचण नुसती नावाची नव्हती. युरोपात अशाच ठशांना अनेक वर्षं पोसिडोनोमिया म्हणत आले होते. तो मृदुकाय प्राणी, शिंपल्यांच्या गोतातला आणि समुद्रात राहणारा. ठसा त्याचा म्हटला, तर खडक समुद्राच्या तळाचा ठरतो. पण कवचाचा पोत जवळून पाहिला तर तो शिंपल्याचा नाही, कवचधारी प्राण्याचा निघतो. खेकडा आणि झिंगा ज्या मोठ्या कुळातले, त्याच कुळातला एक चिमुकला जीव. त्याला झिंग्यासारखे पाय असतात, पण तो दोन झडपांच्या शिंपलीत स्वतःला मिटून घेतो. हा समुद्रातला नव्हे, डबक्यातला. म्हणजे एका ठशाचं आडनाव बदललं की जमिनीचा इतिहासच बदलायचा. जोन्स यांनी १८६२ साली या जीवाश्मांवर एक ग्रंथच काढला. त्यात मांगलीच्या ठशांना एस्थेरिया मंगलिएन्सिस हे नाव मिळालं आणि प्राणहितेच्या काठावरच्या कोटा गावातल्या ठशांना एस्थेरिया कोटाहेन्सिस. चांदा आणि सिरोंचा या दोन्ही मुलखांतली गावं एकाच ग्रंथात, लॅटिनचा अंगरखा घालून.

समुद्राचा प्रश्न निदान या खडकांपुरता मिटला. नावाचा मात्र नाही.

कोटा हे सिरोंच्याच्या उत्तरेला, प्राणहितेच्या डाव्या तीरावर, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात. जिल्हा स्वतंत्र झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. जोन्स यांच्या वेळी हा भाग निजामाकडून इंग्रजांकडे येऊन दोनच वर्षं झाली होती. या गावचे दगड त्याआधीच लंडनला पोहोचले होते. इथल्या चुनखडीतला मासा १८५१ मध्ये कर्नल साइक्स यांनी सोसायटीपुढे ठेवला आणि फिलिप एगर्टन यांनी त्याला लेपिडोटस डेक्कनेन्सिस म्हटलं. पण कोट्याच्या खडकांचं नाव घराघरांत पोहोचायला शंभर वर्षं आणि एक मांडीचं हाड लागलं. सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या मंडळींना १.७ मीटरहून लांब हाड मिळालं आणि पुढे अख्खा कळप म्हणावा इतके सांगाडे. उत्खनन झालं ते १९६१ च्या आसपास, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास. म्हणून १९७५ मध्ये या डायनासोरचं नाव बारापासॉरस टागोराय ठेवलं गेलं. 'बडा पा', म्हणजे मोठ्या पायाचा. त्याचा सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे.

आता त्या मोठ्या पायाशेजारी कोटाहेन्सिस ठेवून पाहा. कोण थांबून बघणार? तरीही तिथे त्या काळी तळं होतं, पाणी गोडं होतं, असं सांगायचं तर हाड फारसं कामाचं नाही. डायनासोर चालत कुठूनही आलेला असू शकतो. मसुराएवढी शिंपली जिथे जगली तिथेच गाळात बसली. तिच्यावरच्या रेषांचं कारणही गमतीचं आहे. झिंगा वाढताना कात टाकतो आणि जुनं कवच सोडून देतो. हा प्राणी अंगावरची कात टाकतो, पण शिंपली टाकत नाही. जुन्या कडेला नवी पट्टी जोडत जातो. म्हणून खडकात मोजता येतील अशी वलयं उरतात. बाकी काही उरत नाही. पाय, स्पृशा, डोळा, सगळं कुजून गेलेलं. जात ओळखायची ती वलयांवरून आणि दोन वलयांमधल्या नक्षीवरून. अंगरख्याच्या शिवणीवरून माणूस ओळखण्यासारखंच हे काम.

आणि गंमत अशी की, ज्याच्या पिशवीतून हे ठसे लंडनला गेले, त्याच हिस्लॉपने जिवंत प्राणीही पाठवले होते. नागपूरच्या पाण्यातून त्याने गोळा केलेले सूक्ष्म कवचधारी जीव ब्रिटिश म्युझियममधल्या विल्यम बेअर्ड यांच्यापर्यंत गेले. बेअर्डही बर्विकशरचेच, गाववाल्याचं पार्सल त्यांनी जरा आपुलकीने उघडलं असेल. १८५९ मध्ये त्यांनी त्यातल्या एकाचं नाव एस्थेरिया हिस्लोपी ठेवलं. शिंपली जवळजवळ गोल आणि जेमतेम काही मिलिमीटरची. म्हणजे खडकातलाही एस्थेरिया आणि डबक्यातलाही एस्थेरिया, मधे पंचवीस कोटी वर्षं. जोन्स यांच्या ग्रंथाला आधार होता तो याच तर्काचा: जिवंत जसे जगतात, तसेच मेलेले जगले असतील.

१८५९ हे साल लक्षात ठेवण्याजोगं आहे. डार्विनचा ग्रंथ त्याच वर्षाचा. आणि त्याच वर्षी स्वीडनमध्ये थोरेल नावाच्या संशोधकाने समुद्रातल्या ॲसिडियांच्या पोटात राहणाऱ्या सूक्ष्म कवचधाऱ्यांवर निबंध छापला. ॲसिडिया म्हणजे खडकाला चिकटून बसणाऱ्या, पाणी आत ओढून बाहेर फेकणाऱ्या पिशव्या. त्यांच्या आतल्या बिऱ्हाडकरूंच्या मुखावयवांवरून थोरेलने केलेली विभागणी पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत राहिली आणि मग तीही मोडावी लागली. दुसऱ्याच्या घरात राहणारा असो की स्वतःच्या शिंपलीत, लपून बसणाऱ्या जीवाचं वर्गीकरण पक्कं व्हायला वेळ लागतो.

हिस्लॉपला पुढचं काही पाहायला मिळालं नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची दगडी वर्तुळं पाहून बोरीकडे घोड्यावरून परतताना, पुराने फुगलेल्या नाल्यात तो बुडाला. गोंड आणि इतर आदिवासींविषयीची त्याची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. त्याच्या नावाचं कॉलेज झालं १८८३ मध्ये.

'एस्थेरिया' या नावाचं काय झालं? ते आधीच दिलेलं निघालं. १८३० मध्ये रोबिनो-देव्हॉईदी या फ्रेंच माणसाने टॅकिनिड कुळातल्या एका माशीला हे नाव देऊन ठेवलं होतं. कवचधाऱ्याला मिळालं ते १८३७ मध्ये. प्राणिशास्त्रात पहिला हक्क पहिल्याचा. दोन प्राणी एकाच आडनावाने नांदू शकत नाहीत. तेव्हा शिंपलीवाल्यांना दुसरी घरं शोधावी लागली: कुणी सायझिकस, कुणी यूएस्थेरिया. मंगलिएन्सिस आणि कोटाहेन्सिस ही गावांची नावं तेवढी शाबूत राहिली, पुढचं बदलत गेलं. आपल्याकडे माणसाचं आडनाव टिकतं आणि गावाचं नाव बदलतं, इथे उलट.

हिस्लोपीची कथा आणखी वळणं घेत गेली. नॉर्वेचे गेऑर्ग ओसियान सार्स यांना ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या तळ्याचा वाळलेला गाळ मिळाला. त्यांनी त्यावर पाणी ओतलं आणि वाट पाहिली. गाळातून जे जीव बाहेर आले त्यांत नागपूरचा ओळखीचा चेहरा होता. घरच्या काचपात्रात पिढ्या वाढवताना त्यांच्या लक्षात आलं, की याच्या बहुतेक भाईबंदांची पिल्लं अर्धवट रूपात पाण्यात पडतात. याची पिल्लं मात्र आईच्या शिंपलीच्या छपराखालीच वाढून, हातीपायी धड होऊन बाहेर येतात. तेव्हा १८८७ मध्ये सार्स यांनी त्याच्यासाठी वेगळं घराणं काढलं: सायक्लेस्थेरिया हिस्लोपी. सार्स यांचं हे निरीक्षण शिंपलीच्या रेषा मोजणाऱ्या शंभर निबंधांपेक्षा मोलाचं ठरलं. पिल्लं पाठीवर वाढवण्याची ही रीत पाण्यातल्या पिसवांची. पुढे शरीररचना आणि जनुकं तपासल्यावर दिसलं, की हिस्लोपी खरोखरच इतर शिंपलीवाल्यांपेक्षा त्या पिसवांना जवळचा आहे. मग 'काँकोस्ट्राका', शिंपलीधारी, हा सगळ्यांना एकत्र बांधणारा गटच सैल झाला. शिंपली पाहून ज्यांना भाऊ ठरवलं, ते चुलत निघाले.

खडकातल्या मंडळींना मात्र हा न्याय मिळणं अवघड; त्यांची पिल्लं कुणी पाहायची? त्यांच्यासाठी दुसरं काम निघालं. अमेरिकेचे पॉल टॅश यांनी भारतीय भूवैज्ञानिकांसोबत १९७५ मध्ये इथल्या शिंपल्यांचा अंटार्क्टिका आणि आफ्रिकेतल्या शिंपल्यांशी मेळ घालून पाहिला. खारा महासागर हे गोड्या पाण्यातले जीव पोहून पार करणार नाहीत; तेव्हा साम्य असेल तर जमिनीच जोडलेल्या असाव्यात, असा युक्तिवाद. वाळलेली अंडी वाऱ्याने उडतात, हा आक्षेप त्यावर घेता येतो आणि तो बिनबुडाचा नाही. पण त्या जोडलेल्या भूखंडाला जगाने दिलेलं नाव गोंडवन आहे, गोंडांच्या मुलखावरून, आणि चांदा ही गोंड राजांची राजधानी.

आजही पावसाळ्यात डबक्यांत, बोड्यांत असले जीव सापडतात. काहींची अंडी उन्हाळाभर भेगाळलेल्या मातीत पडून राहतात आणि पाणी आलं की काही दिवसांत एक पिढी उरकते. हिस्लोपीला पाणवनस्पतींचं, जरा टिकाऊ पाणी मानवतं. क्रिस्टोफर रॉजर्स आणि समीर पाध्ये यांनी २०१५ मध्ये भारतीय उपखंडातल्या या सगळ्या गोताचा आढावा घेतला, तेव्हा जुन्या नावांची बरीच झाडाझडती झाली. त्याआधी २०१३ मध्ये जनुकीय अभ्यासातून कळलं होतं, की उष्ण कटिबंधात सगळीकडे एकच मानला गेलेला हिस्लोपी एक नाहीच. दिसायला सारख्या, पण डायनासोरांच्या काळापासून वेगळ्या झालेल्या अनेक जाती त्या एका नावाखाली दडल्या आहेत.

त्यांची वाटणी होईल तेव्हा नियम ठरलेला आहे. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया यांच्या वाट्याला येतील ती नवी नावं. हिस्लोपी हे नाव राहील नागपूरच्या पाण्यातल्याकडे.