वाऱ्याचा डोळा

धर्मग्रामातील आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही घरोघर जातो. आमच्या येण्यापूर्वी खोली झाडूनपुसून ठेवलेली असते, पलंगावर धुतलेली चादर असते, मेजावर क्रूस व मेणबत्ती मांडलेली असते. आणि खिडकी मात्र घट्ट बंद असते. कारण विचारले तर घरातील वडीलधारी मंडळी काळजीच्या स्वरात सांगतात, "फादर, वारा लागेल." या उत्तरात आजाऱ्याविषयीची माया असते, हे आम्ही जाणतो. तथापि हे उत्तर ऐकताना आम्हांला नेहमी वाटते की, ज्या वस्तूचा जन्मच वाऱ्यासाठी झाला, तिच्याकडून आपण वारा अडविण्याचे काम करून घेत आहोत.

खिडकीची नावेच याला साक्ष आहेत. इंग्रजीतील 'विंडो' हा शब्द स्कँडिनेव्हियातील प्राचीन नॉर्स भाषेतून आला. मूळ शब्द 'विंदाउगा', म्हणजे 'वाऱ्याचा डोळा'. आपल्या संस्कृतात खिडकीला 'वातायन' म्हणतात, म्हणजे वाऱ्याची वाट. एकमेकांपासून हजारो कोस दूर असलेल्या दोन समाजांनी भिंतीतील त्या भोकाला नाव देताना उजेडाचा नव्हे, तर वाऱ्याचा विचार केला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मग वारा आणि उजेड यांची फारकत कोणी केली? ती केली काचेने. जोपर्यंत खिडकीला केवळ लाकडी कवाडे होती, तोपर्यंत उजेड हवा असेल तर वाराही घरात घ्यावा लागे. गोव्यातील जुन्या घरांत लाकडी चौकटींतून पातळ, अर्धपारदर्शक शिंपले बसवलेले आढळतात. त्यांतून मंद उजेड येतो, वारा येत नाही. काचेने हेच काम अधिक चोख केले. युरोपातील थंड प्रदेशांत सोळाव्या व सतराव्या शतकांत काच सामान्य घरांपर्यंत पोहोचू लागली, आणि माणूस उजेडात बसूनही कोंडलेल्या हवेत श्वास घेऊ लागला. त्यानंतर खिडकीवाटे ताजी हवा आत आणण्यासाठी जी जी साधने निघाली, ती सारी या फारकतीवरची मलमपट्टी होय. त्यांचा इतिहास पाहताना एक प्रश्न मात्र सतत समोर उभा राहतो: वारा मिळाला कोणाला, आणि नाकारला गेला कोणाला?

इंग्लंडमध्ये इ. स. १६९६ साली तिसऱ्या विल्यम राजाच्या कारकिर्दीत खिडक्यांवर कर बसला. घराला जितक्या खिडक्या अधिक, तितका कर अधिक. श्रीमंताच्या घरी खिडक्या जास्त, म्हणून कराचा भार त्याच्यावर पडेल, असा त्यामागील हिशेब होता. प्रत्यक्षात घरमालकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. भाड्याच्या मोठ्या इमारतींत कर मालकाच्या माथी येई. तो वाचविण्यासाठी मालक खिडक्या बंद करी आणि आतील गरीब भाडेकरू अंधारात व दुर्गंधीत राही. हा कर १८५१ साली रद्द झाला. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे वाऱ्याला व उजेडाला जकात लागत होती. फ्रान्समध्ये दारे व खिडक्या यांवरील असाच कर १७९८ पासून १९२६ पर्यंत चालला.

याची सर्वांत कठोर झळ बंदिवानांना लागली. तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड यांनी इंग्लंडमधील तुरुंग स्वतः फिरून पाहिले व १७७७ साली आपला अहवाल ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात ते नमूद करतात की, खिडक्यांचा कर तुरुंगाधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. सबब तो खिडक्या बुजवतो आणि कैदी गुदमरतात. ज्याला दार उघडण्याची मुभा नाही, त्याची खिडकीही काढून घेतली गेली.

अशा कोंडलेल्या तुरुंगांत 'तुरुंगताप' नावाचा रोग थैमान घालीत असे. १७५० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात न्यूगेट तुरुंगातील कैद्यांना उभे करण्यात आले. त्यांच्याबरोबर आलेल्या तापाने लंडनचे महापौर, दोन न्यायाधीश व न्यायालयात हजर असलेले इतर अनेक जण दगावले. न्यायासनावर बसलेल्यांना जेव्हा मृत्यूने गाठले, तेव्हा कोठे कैद्यांच्या हवेचा प्रश्न राज्यकर्त्यांना निकडीचा वाटू लागला.

त्याआधीपासून या प्रश्नाने एका धर्मगुरूची झोप उडवली होती. लंडनजवळील टेडिंग्टन या गावी १७०९ पासून १७६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत स्टीफन हेल्स हे अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू सेवा करीत होते. वनस्पतींतील रसप्रवाह आणि प्राण्यांचा रक्तदाब मोजणारे संशोधक म्हणून शास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव आहे. आमच्या मनात मात्र ते घर करून आहेत, ते त्यांच्या भात्यांमुळे. लोहाराच्या भात्यासारखे हाताने चालवायचे मोठे लाकडी भाते त्यांनी तयार केले व १७४१ साली त्यांची माहिती रॉयल सोसायटीपुढे मांडली. एका झडपेने दूषित हवा बाहेर काढावी आणि ताज्या हवेला आत वाट करून द्यावी, असे ते यंत्र होते. जेथे खिडकी ठेवणे शक्य नाही किंवा ठेवू दिली जात नाही, तेथे खिडकीचे काम या भात्याने करायचे. जहाजांच्या तळघरांत, इस्पितळांत व तुरुंगांत ते बसविण्यात आले. न्यूगेटच्या छपरावर १७५२ साली पवनचक्की उभारून तिच्या बळावर ही हवा खेळविण्यात आली.

येथे इतिहासाचा एक विचित्र विनोद आहे. तुरुंगताप म्हणजे आज ज्याला आपण टायफस म्हणतो तो रोग. तो हवेने पसरत नाही, तो उवांमुळे पसरतो, हे शार्ल निकोल यांनी १९०९ साली सिद्ध केले. म्हणजे हेल्स यांचे निदान चुकले होते. तरीदेखील त्यांचे काम वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. कैदी हाही श्वास घेणारा माणूस आहे आणि त्याच्या श्वासाची जबाबदारी समाजावर आहे, ही गोष्ट त्यांनी लाकूड व चामडे यांच्या भाषेत मांडली. कारण चुकले, कर्तव्य चुकले नाही.

एकोणिसाव्या शतकात हीच जबाबदारी एका स्त्रीने उचलली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या शुश्रूषेवरील पुस्तकात पहिलाच नियम घालून दिला: आजाऱ्याला गारठा बाधू न देता त्याच्या खोलीतील हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवावी. या नियमाचे दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत. "वारा लागेल" म्हणणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांची चिंता त्यांना ठाऊक होती. त्यावर त्यांचे उत्तर साधे होते: आजाऱ्याला पांघरूण द्या, पण खिडकी उघडी ठेवा. इस्पितळातील लांब दालनाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर उंच खिडक्या असाव्यात, असा त्यांचा आग्रह होता.

वारा हवा, पण झोत नको, या अडचणीवर १८६२ साली हिंक्स बर्ड या इंग्रज डॉक्टरांनी सुचविलेला उपाय आम्हांला फार आवडतो. तिकडच्या खिडकीला दोन चौकटी असतात, एक वर व एक खाली, आणि त्या वरखाली सरकतात. खालची चौकट काही इंच वर उचलावी आणि खाली पडलेल्या फटीत तेवढ्याच उंचीची लाकडी फळी बसवावी. खालची वाट फळीने बंद होते. परंतु चौकट उचलल्यामुळे मध्यभागी दोन्ही चौकटींच्या कडा एकमेकींसमोर येतात व त्यांच्यामध्ये अरुंद उभी फट राहते. तिच्यातून येणारी हवा छताकडे जाते, तेथील ऊन हवेत मिसळते आणि हळूहळू खाली उतरते. आजाऱ्याच्या अंगावर झोत येत नाही. यंत्र नाही, चाक नाही, केवळ एक फळी! पुढे तावदानांत बसवायच्या फिरत्या काचेच्या चकत्या आल्या, काचेच्या तिरप्या पट्ट्या आल्या. पण इतका स्वस्त उपाय क्वचितच निघाला असेल.

नाइटिंगेलबाईंचे लक्ष हिंदुस्थानकडेही होते. येथील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ साली नेमलेल्या शाही आयोगाच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. दरवर्षी हजारी ६९ सैनिक मृत्युमुखी पडत, हे भयंकर सत्य १८६३ च्या अहवालाने पुढे आणले. बराकींतील गर्दी व कोंदट हवा हा त्यातील चर्चेचा एक मुख्य विषय होता.

साहेबांच्या बंगल्यांत मात्र वाऱ्याची सोय त्यापूर्वीच झाली होती. उत्तर हिंदुस्थानातील कोरड्या उन्हाळ्यात दारेखिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून ते सतत ओले ठेवीत. त्यापुढची पायरी म्हणजे 'थर्मांटिडोट' नावाचे यंत्र. धान्य उफणण्याच्या पंख्यासारखा मोठा पंखा एका लाकडी पेटाऱ्यात बसवलेला असे. पेटाऱ्याच्या बाजूंना ओला वाळा, आणि तोंड खिडकीत. पंखा फिरला की वाळ्यातून थंड झालेली सुगंधी हवा दिवाणखान्यात शिरे. फॅनी पार्क्स या इंग्रज बाईंनी १८५० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनात या यंत्राची हकीकत दिली आहे. पण हा पंखा आपोआप फिरत नसे. बाहेर उन्हाच्या झळांत उभा राहून कोणीतरी मजूर त्याचा दांडा फिरवीत असे. खिडकीच्या आत गारवा आणि खिडकीच्या बाहेर घाम! ज्याच्या हातांनी वारा आत गेला, त्याच्या वाट्याला तो आला नाही.

मजुरांच्या वस्तीतील हवेचा प्रश्न आपल्या मुंबईत उग्र रूपाने पुढे आला तो १८९६ साली. त्या वर्षी सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग आढळला. दाटीवाटीच्या चाळींतील आतल्या खोल्यांना खिडकीच नसे. असली तरी ती समोरच्या भिंतीला चिकटलेल्या बोळात उघडे. अधिकाऱ्यांनी छपरावरील कौले काढून ऊन व वारा आत सोडला आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर खुणा केल्या. या कामात गोरगरिबांची मोठी परवड झाली, हेही विसरता येत नाही. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिले. पुन्हा एकदा वाऱ्यावर ठेवलेला ठपका खोटा ठरला.

परंतु क्षयाच्या बाबतीत तो खोटा नव्हता. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधले. ते कोंडलेल्या हवेत तरंगत राहतात व एकाच्या श्वासातून दुसऱ्याच्या श्वासात जातात. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधार मंडळाचे, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्टचे, अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईच्या घरांतील उजेड व हवा या विषयावर व्याख्यान दिले. खिडकीसमोर मोकळी जागा किती असावी, यासाठी ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम धरला होता. सोप्या शब्दांत सांगायचे तर समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक असू नये. खिडकी ठेवली म्हणजे वारा मिळाला असे नव्हे. खिडकीबाहेर वाऱ्याला उभे राहण्यास जागाही ठेवली पाहिजे, हा या नियमाचा गाभा.

शंभर वर्षांनी आपण हा धडा विसरलो. मुंबईच्या पूर्व उपनगरांत झोपडपट्टीवासीयांसाठी ज्या पुनर्वसन वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी काहींत दोन इमारतींमधील अंतर जेमतेम ३ मीटर आहे. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. उजेड व हवा यांचा अभाव आणि तेथील क्षयाचे प्रमाण यांचा संबंध २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने दाखवून दिला. खिडकीवरचा कर गेला. पण गरिबाच्या खिडकीसमोर भिंत उभी राहिली.

जुन्या बांधणीचे मोल किती, हे दूरच्या पेरू देशातील अभ्यासाने आकड्यांत सांगितले. राजधानी लिमा येथील आठ इस्पितळांत केलेले हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. खिडक्या व दारे उघडी ठेवली असता खोलीतील हवा तासाला सरासरी २८ वेळा बदलते, असे त्यात आढळले. यंत्राने हवा खेळविण्यासाठी शिफारस केलेले प्रमाण होते तासाला १२ वेळा. पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत हा आकडा ४० होता, तर नव्या खोल्यांत १७. पुढे कोविडच्या साथीत, मार्च २०२१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने घरे, कचेऱ्या व इस्पितळे यांतील हवा खेळती ठेवण्याविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. नाइटिंगेलबाईंचा पहिला नियम जगाला पुन्हा वाचावा लागला.

आज आपल्या घरांत वातानुकूलन यंत्रे आली आहेत. उन्हाळ्यात त्यांचा दिलासा मोठा आहे. आम्हीही त्याला अपवाद नाही. परंतु भिंतीवरचे नेहमीचे यंत्र खोलीतील तीच हवा पुनःपुन्हा थंड करते, बाहेरची ताजी हवा आत आणीत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. म्हणून दिवसातून काही वेळ समोरासमोरची दारेखिडक्या उघडाव्यात, विशेषतः आजाऱ्याच्या खोलीत. नवे घर बांधताना नकाशावरील खिडकी कोठे उघडते, हे अवश्य विचारावे. आणि आपली भिंत वाढविताना शेजाऱ्याच्या खिडकीचा डोळा मिटत नाही ना, हेही पाहावे.

आजाऱ्याची भेट आटोपल्यावर आम्ही घरच्यांच्या परवानगीने खिडकीची एक झडप उघडतो. आजी आजोबांच्या अंगावरचे पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतात. नाइटिंगेलबाईंनी याहून अधिक काही सांगितले नव्हते.