वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ज्येष्ठांना येणारी चक्कर : एक जुना इतिहास

बॅरिएट्रिक सर्जरी, म्हणजे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, करून आलेले साठी-सत्तरीतले रुग्ण आता सोनिवली, बदलापूर, अंबरनाथ भागातही दिसतात. ऑपरेशन बहुतेकांचे मुंबईला किंवा पुण्याला झालेले असते. मग दोन-तीन महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी तक्रार येते, "डॉक्टर, चक्कर येते." सर्जन लांब, लोकलची गर्दी नको वाटते, म्हणून माणूस जवळच्या दवाखान्यात जातो, एक सलाइन लावून घेतो आणि चक्करेची गोळी घेऊन घरी येतो. ही गोळी आणि ते सलाइन दोन्ही कधीकधी चुकीचे ठरू शकतात. का, ते समजायला थोडा इतिहास पाहावा लागेल.

त्याआधी एक गोष्ट. आपल्या मराठीत चक्करेला बरेच शब्द आहेत आणि ते सगळे वेगवेगळे आहेत. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, ती वेगळी. खोली गरगर फिरते, ती वेगळी. चालताना झोक जातो, तोल राहत नाही, ते वेगळे. जेवल्यावर घाम सुटून हातपाय गळतात, ते आणखी वेगळे. डॉक्टरांकडे गेल्यावर नुसते "चक्कर" म्हणू नका, यातला नेमका शब्द सांगा. अर्धे निदान तिथेच होते.

आता १८८१ साली चला. २९ जानेवारीला व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ या सर्जनने कर्करोग झालेला जठराचा भाग कापून उरलेले जठर आतड्याला जोडले. ४३ वर्षांची ती स्त्री ऑपरेशनमधून वाचली, काही महिन्यांनी मात्र कर्करोगानेच गेली. पोटाचा भाग काढूनही माणूस जगतो हे त्या दिवशी सिद्ध झाले. पुढे अल्सरसाठी अशी ऑपरेशने सर्रास होऊ लागली आणि रुग्ण एक विचित्र तक्रार सांगू लागले : जेवण झाले की छाती धडधडते, घाम येतो, घेरी येते, आडवे व्हावेसे वाटते.

आर्थर हर्ट्झ या ब्रिटिश डॉक्टरने १९१३ मध्ये याचे वर्णन केले. अन्न जठरात थांबतच नव्हते, भराभर आतड्यात उतरत होते. १९२२ मध्ये शिकागोच्या चार्ल्स मिक्स यांनी त्याला 'डंपिंग' म्हटले. ट्रकने खडी ओतावी तसे. गोड, दाट अन्न एकदम आतड्यात पडले की ते रक्तातले पाणी आतड्यात ओढून घेते, शिवाय आतड्यातून काही संप्रेरके सुटतात, आणि रक्तदाब खाली येतो. जेवणानंतर पहिल्या तासाभरात येणारी चक्कर ही बहुधा अशी असते.

वजनाच्या ऑपरेशनचा उगमही याच अल्सरच्या रुग्णांत आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटा इथे लहान आतड्याचा मोठा भाग वगळून जोडणी करण्याचा प्रयोग झाला. वजन उतरायचे, पण यकृत निकामी होणे, मूतखडे, जीवनसत्त्वांची कमतरता अशी किंमत मोजावी लागायची, म्हणून ती पद्धत पुढे सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठातले एडवर्ड मेसन यांनी दुसरी वाट धरली. अल्सरसाठी जठर कापलेल्या रुग्णांचे वजन पुन्हा वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. १९६६ मध्ये त्यांनी चिकाशी इटो यांच्यासह पहिली गॅस्ट्रिक बायपास केली. म्हणजे जी अल्सरच्या ऑपरेशनची खोड होती, तीच इथे उपचार झाली. खोड आली तशी तिची चक्करही आली.

आपल्याकडे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची वाट मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून गेली. डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये तिथे देशातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय-शस्त्रक्रिया केली. पोट न उघडता काम होते हे दिसल्यावर वजनाची ऑपरेशनेही त्याच मार्गाने आली. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर मुंबईच्या सैफी रुग्णालयात अशी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तर घराघरात हा विषय निघाला. आणि २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सांगितले की नुसत्या वयाकडे पाहून कुणाला नकार देऊ नये, माणूस किती खचलेला आहे ते पाहावे. त्यामुळे ज्येष्ठ रुग्ण वाढले. हे बरेच झाले, माझ्या मते. फक्त साठीनंतर पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडणे, हे विसरायचे नाही.

पुन्हा १८८१. त्याच वर्षी जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी तीन रुग्णांची हकिगत लिहिली. दोघे दारूच्या आहारी गेलेले पुरुष. तिसरी वीस वर्षांची शिवणकाम करणारी मुलगी. तिने सल्फ्युरिक आम्ल प्यायले होते, त्यानंतर तिला सतत उलट्या होत होत्या. तिघांचीही नजर हलेना, चाल डगमगू लागली, भान हरपले. तिघेही दगावले. कारण तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. पुढे जावा बेटावर एइकमन यांनी कोंबड्यांना पॉलिश केलेला तांदूळ घालून बेरीबेरीचा धागा पकडला, आणि १९३६ मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांनी बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, प्रयोगशाळेत बनवले. हे विल्यम्स आपल्याकडच्या नेल्लोरला जन्मले होते. वेर्निकेंच्या रुग्णांत याच बी-१ ची कमतरता होती.

त्या मुलीची गोष्ट मुद्दाम सांगितली. दारूचा थेंबही नाही, फक्त उलट्या. वजनाच्या ऑपरेशननंतर ज्या आजींना आठवडाभर पाणीसुद्धा टिकत नाही, त्यांची अवस्था अगदी तीच. शरीरात बी-१ चा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. अशा रुग्णाचा झोक जात असेल, एकाचे दोन दिसत असतील, बोलण्यात विसंगती असेल, तर ती साधी चक्कर नव्हे, ती तातडी आहे. तेव्हा नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले तर उरलासुरला बी-१ ते ग्लुकोज जाळण्यात संपतो आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून दवाखान्यात पाऊल टाकल्याबरोबर सांगा : "यांचे वजनाचे ऑपरेशन झाले आहे, उलट्या होत आहेत, बी-१ चे इंजेक्शन द्यायचे का?" साखर खरोखरच खाली गेली असेल तर ग्लुकोज थांबवायचे नाही, दोन्ही बरोबर द्यायचे.

आता आपल्या परळला येऊ. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात जीवघेणा पांडुरोग व्हायचा, त्याचा शोध त्या हाफकिन संस्थेत घेत होत्या. या बायकांच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. यकृताचा शुद्ध केलेला अर्क दुसऱ्या एका पांडुरोगावर चालायचा, पण इथे चालेना. कच्चा अर्क मात्र चालला. आणि यीस्टपासून केलेले मार्माइट हे स्वस्त खाद्यही चालले. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. मार्माइटमधला तो घटक म्हणजे फॉलिक अॅसिड. ते बनवण्याच्या कामात पुढे अमेरिकेत भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बराव यांचा मोठा वाटा होता. शुद्ध अर्कातला घटक होता बी-१२.

दोन पांडुरोग दिसायला सारखे, औषधे वेगळी, हा परळचा धडा आजही उपयोगी पडतो. बायपासनंतर बी-१२ नीट शोषले जात नाही, कारण त्यासाठी जठरातले आम्ल आणि जठरातच बनणारे एक प्रथिन लागते. त्यात माणूस शाकाहारी असेल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि रोज सकाळी अॅसिडिटीची गोळी घेत असेल, तर कमतरता ठरलेलीच. अशा वेळी कुणी फक्त फॉलिक अॅसिडची गोळी दिली तर हिमोग्लोबिन सुधारते, सगळे खूश होतात, आणि नसांची झीज मात्र आत चालूच राहते. तळपाय बधिर होतात, अंधारात तोल जातो. आंघोळीला डोळे मिटले की झोक जातो, ही तक्रार या रुग्णांकडून ऐकली तर बी-१२ तपासून घ्या. लोहाचीही तपासणी करा.

गरगरणाऱ्या चक्करेचे फार लिहीत नाही. कूस बदलली की खोली फिरते, ती बहुधा कानातल्या सुट्या झालेल्या कणांमुळे, आणि मान-डोके ठराविक पद्धतीने वळवून ती बरी करता येते. तिचा पोटाशी थेट संबंध नाही.

दवाखान्यात सर्वांत जास्त दिसते ती उठल्यावरची अंधारी. १९२५ मध्ये ब्रॅडबरी आणि एगलस्टन या अमेरिकन डॉक्टरांनी उभे राहताच रक्तदाब कोसळणारे रुग्ण नोंदवले होते. आपल्या रुग्णांत कारण बरेचदा साधे असते. वजन पंधरा-वीस किलोने उतरले, रक्तदाब आपोआप सुधारला, पण गोळ्या जुन्या वजनाच्याच चालू आहेत. त्यात लघवीची गोळी, आणि छोट्या पोटामुळे पाणी कमी. घरी मशीन असेल तर पाच मिनिटे आडवे राहून रक्तदाब घ्या, मग उभे राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे या. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, पण "आता कमी करायच्या का?" हे जरूर विचारा. मधुमेहाच्या गोळ्यांनाही हेच लागू.

साखर खाली जाणारी चक्कर मात्र गोळ्या नसतानाही येते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने बायपास झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या शरीरात जेवणानंतर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन तयार होत होते. ही चक्कर जेवल्यावर एक ते तीन तासांनी येते. आपल्याकडे तिचे नेहमीचे निमित्त म्हणजे उपवास. एकादशीला दिवसभर काही नाही, मग साबुदाण्याची खिचडी आणि वर गोड चहा. ज्यांचे हे ऑपरेशन झाले आहे त्यांनी असा उपवास धरू नये. धरायचाच असेल तर थोडे दही, शेंगदाणे, पनीर दर तीन तासांनी, आणि जेवताना पाणी न पिता अर्ध्या तासाने घोट घोट. आमरस, उसाचा रस, शिरा रिकाम्या पोटी नको.

काळी शौच, छातीत दुखणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्यावर पडणे, यांत घरी थांबायचे नाही. बाकी वेळी येताना ऑपरेशनचा कागद बरोबर आणा. बायपास झाली की स्लीव्ह, हे त्यावर लिहिलेले असते, आणि कुठली तपासणी आधी करायची ते त्यावरून ठरते.