जालरचना आणि गणकाचे श्रम : विमानविषयक द्रायुयामिकीच्या इतिहासातील एक प्रकरण

विमानाच्या पंखाभोवतालचा हवेचा प्रवाह गणिताने काढावयाचा म्हणजे प्रथम त्या हवेची लहान लहान घरे पाडावी लागतात. समीकरणे अखंड अवकाशासाठी लिहिलेली असतात. संगणकाला मात्र मोजक्या बिंदूंवरच्या संख्याच हाताळता येतात. ह्या बिंदूंची आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची जी मांडणी, तीच जाळी. पाठ्यपुस्तकांत ह्या मांडणीस बहुधा पूर्वतयारीचे दुय्यम स्थान मिळते आणि खरा विषय समीकरणे सोडविण्याचा, असा समज दृढ होतो. इतिहासाची साक्ष निराळी आहे. आकडेमोडीचे श्रम जसजसे कमी होत गेले, तसतसे ते जाळीच्या रचनेत साचत गेले. आणि उत्तराच्या विश्वसनीयतेचा प्रश्नही त्यांच्यामागोमाग तेथेच येऊन ठेपला. ह्या स्थलांतराचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी जाळी ही अडचण नव्हतीच. लुइस फ्राय रिचर्डसन ह्याने 1910 साली रॉयल सोसायटीपुढे ठेवलेल्या निबंधात दगडी धरणातील ताण सांत अंतरांच्या पद्धतीने काढून दाखविले. चौकोनी घरांची जाळी कागदावर आखणे हे काम सोपे होते. कष्ट होते ते प्रत्येक बिंदूवरील आकडेमोडीचे. त्यासाठी त्याने गणक म्हणून मुले नेमली आणि त्यांना बिंदूमागे मोबदला दिला. पुढे 1953 मध्ये जपानी शास्त्रज्ञ कावागुटी ह्यांनी वर्तुळाकार दंडाभोवतालचा श्यान प्रवाह रेनल्ड्स अंक 40 साठी काढला, तेव्हा हाताने चालविण्याच्या गणनयंत्रावर आठवड्यास वीस तास ह्याप्रमाणे त्यांना अठरा महिने खर्ची घालावे लागले. दंडाचा आकार नियमित असल्याने जाळीचा विचार थोडक्यात आटोपला होता.

पंखाचा छेद मात्र वर्तुळ नव्हे. चौकोनी जाळी वक्र पृष्ठावर घातली की घरे वेडीवाकडी कापली जातात, आणि प्रवाहाच्या दृष्टीने जो भाग सर्वांत महत्त्वाचा, त्या पृष्ठालगतच अचूकता ढासळते. एका वर्तुळाचे पंखछेदात रूपांतर करण्याची झुकोव्हस्कीची युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभापासून परिचित होती. कोन कायम राखणारी अशी रूपांतरे सुंदर खरी. परंतु मुख्य पंखापुढे आणि मागे झडपा आल्या की ती जिकिरीची होतात, आणि तीन मितींत त्यांचा आधार जवळजवळ सुटतो.

ह्या कोंडीतून निघण्याचा मार्ग साठोत्तर काळात सापडला. बिंदू कोठे ठेवावेत हे आखणाऱ्याने ठरविण्याऐवजी ते एका समीकरणानेच ठरवावे, हा तो विचार. अमेरिकेतील लिव्हरमोर येथील विन्स्लो ह्यांनी 1966 च्या सुमारास त्याची वाट दाखविली. 1974 साली मिसिसिपी राज्य विद्यापीठातील थॉम्पसन, थेम्स आणि मॅस्टिन ह्यांनी कितीही आणि कोणत्याही आकाराच्या द्विमितीय वस्तूंभोवती सहनिर्देशक रेषा आपोआप काढण्याची रीत प्रसिद्ध केली. वस्तूचे पृष्ठ हीच एक सहनिर्देशक रेषा मानावयाची आणि उरलेल्या रेषा विवृत्तीय समीकरणांची उत्तरे म्हणून मिळवावयाच्या. अशा उत्तरांचा गुण असा की कडेवरील कोपऱ्यांचा धारदारपणा आत जाता जाता विरून जातो आणि रेषा सौम्य वळणाने पसरतात. समीकरणाच्या उजव्या बाजूस योग्य पदे घातली असता रेषा पृष्ठाकडे ओढताही येतात. प्रवाहाचे समीकरण सोडविण्यापूर्वी जाळीचे समीकरण सोडवावयाचे, ही प्रथा येथून रूढ झाली.

तथापि संपूर्ण विमान एका सलग रचनेत बसविणे दुष्कर ठरले. पंख, धड, शेपूट आणि पंखाखाली टांगलेली इंजिने ह्या प्रत्येकाची मागणी निराळी. ह्यावर दोन उपाय पुढे आले. स्टेगर, डोहर्टी आणि बेनेक ह्यांनी 1983 मध्ये प्रत्येक भागाची स्वतंत्र जाळी करून त्या एकमेकींवर पसरविल्या आणि जेथे त्या एकमेकींना झाकतात तेथे संख्यांची देवाणघेवाण केली. ग्रीक पुराणातील सिंह, बोकड आणि सर्प ह्यांच्या मिश्र प्राण्यावरून ह्या पद्धतीस ‘कायमेरा’ हे नाव मिळाले. दुसऱ्या उपायाचे मूळ शुद्ध गणितात आहे. रशियन गणिती डेलोने ह्याने 1934 साली बिंदूंचे असे त्रिकोणीकरण मांडले की कोणत्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळात दुसरा बिंदू येऊ नये. विमानाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. 1981 मध्ये बोयर आणि वॉटसन ह्यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे एकेक बिंदू घालत हे त्रिकोणीकरण संगणकाकडून करवून घेण्याची रीत दिली. आणि 1986 मध्ये जेमसन, बेकर आणि वेदरिल ह्यांनी चतुष्फलकांच्या जाळीवर संपूर्ण विमानाभोवतालचा ध्वनिवेगासमीपचा अश्यान प्रवाह काढून दाखविला.

अश्यान हे विशेषण येथे दुर्लक्षून चालणार नाही. श्यानता विचारात घेतली की सीमास्तर येतो. मोठ्या विमानाच्या पृष्ठालगतच्या पहिल्या घराची उंची मिलिमीटरच्या शतांशाइतकी किंवा त्याहूनही कमी, आणि लांबी मात्र तिच्या शेकडो पट ठेवावी लागते. इतक्या चपट्या घरांत चतुष्फलकांची अचूकता डळमळते. म्हणून पृष्ठाजवळ थरांची प्रचिनाकार घरे आणि दूर चतुष्फलके अशी मिश्र रचना प्रचारात आली. तीतही घरे कोठे दाट करावी हा निर्णय बराचसा माणसाच्या अनुभवावरच राहिला. 2001 साली अमेरिकेत भरलेल्या पहिल्या अवरोध-अनुमान कार्यशाळेत निरनिराळ्या गटांनी एकाच विमानाकृतीचा अवरोध काढला, तेव्हा त्यांच्या उत्तरांत मोठी तफावत आढळली. ह्या मालिकेतील पुढच्या कार्यशाळांत जाळीच्या परिणामाची तपासणी हा एक प्रमुख विषय राहिला. नासासाठी तयार झालेल्या 2014 च्या अहवालानेही जालरचना हा ह्या शास्त्राच्या वाटेतील एक मोठा अडसर असल्याचे नमूद केले. कावागुटींना जाळी क्षणात मिळाली आणि उत्तरास दीड वर्ष लागले. त्यांच्या वारसदारांची तक्रार नेमकी उलट झाली होती.

ह्यातून संशोधकाने काय घ्यावे? जाळी ही समीकरणाइतकीच गृहीतकांनी भरलेली असते. प्रवाहात आघात-तरंग कोठे उठेल, पृष्ठापासून तो कोठे सुटेल, ह्याचा अंदाज बांधूनच घरे दाट केली जातात; आणि अंदाज चुकला तरीही संगणक सुबक चित्र काढून देतोच. तेव्हा एकाच जाळीवरील उत्तर हा पुरावा नव्हे. रिचर्डसनने त्याच पहिल्या निबंधात ह्यावर उपाय सांगून ठेवला आहे : तेच गणित विरळ व दाट अशा दोन जाळ्यांवर करावे, आणि अंतर कमी होताना उत्तर कोणीकडे सरकते हे पाहून चुकीचे मान ठरवावे. बिंदूमागे मोबदला मोजणाऱ्या माणसाला दुसऱ्या जाळीचा खर्च पुरेपूर ठाऊक होता, तरीही त्याने तो आवश्यक मानला. आज तो खर्च कितीतरी हलका झाला असता प्रबंधात एकच जाळी दाखवून थांबणे समर्थनीय ठरणार नाही.